एकवीस दिवसांत सवय लागते? तो आकडा मुळात वेगळ्याच गोष्टीचा

"21 दिवस नेटाने करा, मग आपोआप सवय लागते." वजन कमी करायला निघालेल्याला हे कुणीतरी सांगतंच. मग बाविसाव्या दिवशी पहाटे साडेपाचचा गजर वाजतो, उठणं तितकंच जिवावर येतं आणि माणूस स्वतःला दोष देतो. माझ्यातच जिद्द नाही, म्हणत चालायचे बूट माळ्यावर टाकतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चूक त्या आकड्याची आहे.

तो आला अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्याकडून. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली लिहिलं. व्यायामाच्या सवयीचं ते मोजमाप नव्हतंच. पुढे सांगोवांगी 'किमान' हा शब्दही गळून पडला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी रोजच्या रोज नोंदवून घेतल्या. सवय मुरायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशोब निघाला. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. (हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.)

त्या अभ्यासात सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलेली होती. तुम्हीही जोडा: चहा संपला, कप मोरीत ठेवला की थेट बूट. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त झाल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून मोजू नका.