सेल्फची बॅटरी वेगळी, दिव्याची वेगळी

गेल्या मे महिन्यात आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी मेली आणि त्याच आठवड्यात दुपारची लाइट जायला लागली. नागपुरात मेमध्ये कूलर बंद म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मी शहाणपणा केला. दारात उभ्या गाडीची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडली. कूलर फिरला, मीही खूश. दीड तासात इन्व्हर्टर ओरडायला लागला. असं दहा-बारा दिवस चाललं. मग एका सकाळी गाडीला सेल्फ मारला, तर नुसतं ‘टक्’.

बॅटरीवाल्याने झाकणं उघडून आत टॉर्च मारला आणि विचारलं, “काहून भाऊ, याच्यावर कूलर चालवला का? प्लेटाइचा चिखल झाला ना.”

खरंच चिखल होता. बॅटरीच्या तळाशी काळसर-तपकिरी गाळ साचला होता.

हे मी मावसभावाला सांगितलं, तर तो फोनवर हसत सुटला. तो मुंबईत एका शिडाच्या नौकेची देखभाल करतो. “दादा, आमच्याकडे हेच होऊ नये म्हणून दोन बॅटऱ्या ठेवतात. एक इंजिनाची, एक घराची, म्हणजे दिवे-फ्रिजची.” समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, नौका म्हटली की आमची धाव अंबाझरी तलावापर्यंत. पण ‘घराची बॅटरी’ या शब्दाने मला पकडलं.

शिडाच्या नौकेलाही एक छोटं डिझेल इंजिन असतं. वारा पडला, बंदरात शिरायचं असलं, किंवा भरतीचं पाणी खडकाकडे ओढायला लागलं की तेच कामाला येतं. त्याचा स्टार्टर, म्हणजे आपला सेल्फ, साधारण २०० अँपियर ओढतो, पण जेमतेम तीन सेकंद. हिशेब केला तर हे ०.१७ अँपियर-तास (अँपियर गुणिले तास) होतात. आता दुसरीकडे बघा. नांगर टाकल्यावर डोलकाठीच्या टोकाला रात्रभर दिवा लावावा लागतो. तो एलईडीचा असला तर ०.२ अँपियर घेतो. म्हणजे तो इवलासा दिवा तासाभरात जेवढं खातो, तेवढंसुद्धा इंजिन सुरू करायला लागत नाही! त्यात फ्रिज आला, पाण्याचा पंप, रेडिओ, मोबाइलचं चार्जिंग आलं, की एका रात्रीत ३५-४० अँपियर-तास सहज उडतात.

मग अडचण कुठे आहे? सेल्फला वीज थोडीच लागते, पण ती एका दमात लागते. शिसे-आम्ल बॅटरीत वीज बाहेर येते ती प्लेटच्या पृष्ठभागावरच्या रासायनिक क्रियेतून. दम हवा तर पृष्ठभाग मोठा हवा, म्हणून सेल्फच्या बॅटरीत पातळ, सच्छिद्र प्लेटा दाटीवाटीने बसवतात. बॅटरी उतरताना प्लेटवरच्या लगद्याचं लेड सल्फेट होतं आणि ते जास्त जागा घेतं. लगदा फुगतो, चार्ज करताना पुन्हा आकसतो. वरवर एक-दोन टक्के वापरलं तर काही बिघडत नाही. रोज तळापर्यंत उपसलं, की लगदा सुटून खाली पडतो. माझ्या कूलरने नेमकं हेच केलं. घराच्या बॅटरीत प्लेटा जाड असतात. आपल्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत तर तो लगदा विणलेल्या नळ्यांत कोंबलेला असतो, सुटायला वावच कमी.

गाडी बंद पडली तर चार पोरं बोलावून धक्का मारता येतो. नौकेला कोण धक्का मारणार? म्हणून रात्री गप्पा रंगल्या, फ्रिज चालू राहिला, घराची बॅटरी पार बसली, तरी इंजिनाच्या बॅटरीला त्याचा पत्ताही लागू नये, अशी जोडणी हवी.

पण इंजिनावरचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज बनवणारा जनरेटर, बहुधा एकच असतो आणि त्याने दोघींना चार्ज करायचं असतं. म्हणजे भरताना एकत्र, खर्चताना वेगळं. ऋण टोकं एकत्र बांधायची. सगळा खेळ धन बाजूला.

पूर्वी (आणि कित्येक नौकांवर अजूनही) यासाठी एक गोल स्विच असायचा: एक, दोन, दोन्ही, बंद. इंजिन थांबवल्यावर तो ‘दोन्ही’वरच विसरला, की सकाळी दोन्ही बॅटऱ्या गार. इंजिन चालू असताना चुकून ‘बंद’वर फिरवला, तर अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे पुर्जे) उडू शकतात. दुसरा उपाय डायोडने वाटणी करायचा. तो विसरत नाही, पण साधा डायोड वाटेत ०.७ व्होल्ट खातो आणि त्यामुळे बॅटरी कधी पूर्ण भरत नाही.

मला आवडला तो तिसरा. दोन्ही धन टोकांच्या मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, असतो आणि तो फक्त व्होल्टेज बघतो. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी निवांत पडून असताना १२.६-१२.७ दाखवते. ती १३.३ च्या वर टिकून राहिली, तर कोणीतरी तिला चार्ज करतंय, एवढं नक्की. तेव्हा रिले दोघींना जोडतो. इंजिन थांबून व्होल्टेज १२.८ च्या खाली आलं, की तोडतो. बॅटरीच स्वतः सांगते, तर माणसाने लक्षात कशाला ठेवायचं?

मावसभावाने आणखी दोन गोष्टी बजावल्या. घराच्या वायरिंगचा फ्यूज बॅटरीच्या टोकाला अगदी लागून हवा, कारण टोकापासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कोणीच राखण नसतं. शॉर्ट झाला तर हजारभर अँपियरही वाहू शकतात आणि लाकडी-फायबरच्या नौकेत आग लागली तर पळायला जागा नसते. आणि तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, आपल्या वेगळ्या फ्यूजसकट. मुख्य स्विच बंद करून सगळे किनाऱ्यावर जेवायला गेले, तरी तो चालला पाहिजे.

मी आता इन्व्हर्टरला १५० अँपियर-तासांची ट्युब्युलर आणली आहे. जुनी बॅटरी उचलताना बॅटरीवाला म्हणाला, “आता गाडीचीबी नवी लागन. दोन घेता का?”

दोन घेतल्या.