मिलानमधलं पायताण आणि जूनमधला वसंत

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला आणि मॉडेल्सच्या पायांत चक्क कोल्हापुरी दिसली. कंपनीच्या लेखी ती नुसती चामडी सॅंडल होती. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही, म्हणून आपल्याकडे गदारोळ झाला. पण तो शो 'वसंत-उन्हाळा २०२६'चा होता. ऐन जूनमध्ये पुढच्या वर्षीचा वसंत, हे काय गौडबंगाल?

उत्तर व्यापाऱ्याच्या वहीत आहे. शोनंतर दुकानदार ऑर्डरी नोंदवतात, मग कापड, शिलाई, जहाज. नव्या वर्षात माल दुकानात लागायचा तर जून म्हणजे काही फार लवकर नाही. इटलीत हा खेळ सुरू झाला तोच मुळी गिऱ्हाइकासाठी. फेब्रुवारी १९५१मध्ये जोव्हानी बत्तिस्ता जोर्जिनी या व्यापाऱ्याने फ्लॉरेन्समधल्या आपल्या घरी अमेरिकन खरेदीदारांना बोलावून इटालियन कपडे दाखवले. पुढच्याच वर्षी सूट शिवणाऱ्या रोमच्या ब्रिओनीने फ्लॉरेन्सच्याच पित्ती राजवाड्यात पुरुषांना रॅम्पवर चालवलं. सूट घालून पुरुषाने मिरवायचं, हे तेव्हा अनेकांना विचित्रच वाटलं असणार. १९७२पासून फ्लॉरेन्समध्ये 'पित्ती उओमो' हा पुरुषांच्या कपड्यांचा बाजार भरतो, जानेवारीत आणि जूनमध्ये.

मग मिलान पुढे सरकलं. तिथल्या जॉर्जिओ अरमानी या डिझायनरने कोटाच्या आतलं अस्तर, खांद्यातला कापूस काढून टाकला. कोट अंगावर शर्टासारखा पडू लागला. १९८०च्या 'अमेरिकन जिगोलो' सिनेमामध्ये रिचर्ड गिअरच्या अंगावर तो जगाने पाहिला. पुरुषांच्या शोचं परीक्षण आजही बरंचसं खांद्याभोवती फिरतं: रुंद की उतरता, कडक की सैल. पायातलं शेवटच्या ओळीत, उरलं तर.

त्यामुळे ती चप्पल ओळखली ती आपल्याकडच्यांनी, फोटो मोठा करून. अंगठा, दोन्ही बाजूंचे कान, मधला पट्टा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने घातलेले टाके. कोल्हापुरात याला पायताणच म्हणतात. २०१९पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. म्हणजे कर्नाटकातल्या अथणीचा कारागीरही तेवढाच हकदार, हे आपल्या भांडणात जरा विसरलंच गेलं.

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडल्यावर प्रादाने प्रेरणा कुठली ते कबूल केलं. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्याशी प्रादाचा करार झाला. ठरलं ते २,००० जोड्यांचं, दोन्ही राज्यांत बनवायच्या, किंमत सुमारे ८०० युरो.