मोजलं की बाकीचं सुचत नाही

मागच्या वर्षी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका डायलिसिस केंद्राबाहेर मी आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसत होते. आत आई, बाहेर मी. पहिले दोन महिने मी मोबाइलमध्ये काढले. आईच्या रक्ततपासणीतले क्रिएटिनिन, पोटॅशियमचे आकडे, मग त्यावरून आणखी काहीबाही वाचायचं आणि भणभणतं डोकं घेऊन घरी जायचं. समोरच्या बाकावर कळव्याच्या एक काकू असायच्या. काकांची पाळी आमच्याच वेळेची. त्यांच्या पिशवीत पोपटी सुती दोऱ्याचा गुंडा आणि विणकामाच्या सुया. एक दिवस त्यांनी सुयांची दुसरी जोडी माझ्या हातात ठेवली. "सुई टाक्यात घाल, दोरा गुंडाळ, ओढून घे, जुना टाका सोड. आणि मोज गं. मोजलं की बाकीचं सुचत नाही."

हे खरंच होतं, आणि ते का होतं याचं उत्तर मानसशास्त्रात सापडतं. काळजी बहुतेक वेळा शब्दांत येते. रिपोर्ट काय येईल, पैसे पुरतील का, हे आपण मनातल्या मनात चक्क बोलत असतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची मांडणी केली. हाताशी लागणारी माहिती तात्पुरती धरून ठेवणारी ही जागा फार लहान असते, आणि तिचा एक कप्पा बोलण्या-ऐकण्यातल्या शब्दांसाठी असतो. एखाद्याला एकच शब्द सतत पुटपुटायला लावला, की त्याच वेळी दाखवलेली शब्दांची यादी त्याच्या नीट लक्षात राहत नाही. कारण तो कप्पा अडलेला असतो. माझ्या मते विणताना "दोन सुलट, दोन उलट" असं टाके मोजत मनातलं म्हणणं नेमकं त्याच कप्प्यात जाऊन बसतं. काळजी येते, पण तिला लोकलमधल्या चौथ्या सीटवर कसंबसं टेकावं लागतं.

मग जप काय वाईट, असं कुणी विचारेल. वाईट मुळीच नाही. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की एखादा शब्द शांतपणे पुन्हा पुन्हा म्हटल्याने श्वास संथ होतो, शरीराचा ताण उतरतो. पण माळ ओढता ओढता मन केव्हा भटकलं ते कळत नाही. मणी पुढे सरकतच राहतात. विणताना मन भटकलं की टाका निसटतो, आणि दोन ओळींनी ते भोक स्वतःच सांगतं. लक्ष परत आणायला दुसरं कुणी लागत नाही.

विणकामाच्या फायद्यांवर थेट अभ्यासही झाले आहेत. २०१३ साली ब्रिटनमधल्या एका शोधनिबंधात ३१ देशांतल्या साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची उत्तरं अभ्यासली गेली. जे जास्त वेळा विणतात, त्यांनी शांत आणि आनंदी वाटतं असं जास्त प्रमाणात सांगितलं. मात्र विणकाम आवडतं म्हणूनच उत्तर देणारी ही माणसं, हे ध्यानात ठेवायला हवं. २००९ साली कॅनडात ॲनोरेक्सियासाठी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याच्या मानसिक आजारासाठी, रुग्णालयात दाखल असलेल्या ३८ स्त्रियांना विणायला शिकवलं. त्यांच्यातल्या ७४ टक्के जणींनी मनातली भीती आणि तेच ते विचार सौम्य झाल्याचं सांगितलं. अभ्यास छोटा, तुलनेला दुसरा गट नाही, तरीही इतक्या हट्टी आजारात हे दिसावं याचं मला मोल वाटतं. आजाराच्या उपचारांची जागा मात्र सुया घेऊ शकत नाहीत. आठवडे-आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

मला सगळ्यात जास्त आधार दिला तो उसवण्याने. मागावरच्या कापडात उभे-आडवे अनेक धागे असतात. हातविणीत एकाच दोऱ्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून टोक ओढलं की मूळ दोरा परत मिळतो. माझी बाविसावी ओळ चालू असताना नवव्या ओळीतली चूक दिसली. मला रडूच आलं. काकूंनी शांतपणे सुई काढली आणि दोरा ओढला. टर्र टर्र करत तेरा ओळी गेल्या, आणि मांडीवर कुरळ्या केसांसारखा दोरा जमला. "बघ, सगळा इथंच आहे," त्या म्हणाल्या. त्या केंद्रात बाकी काहीच मागे फिरत नव्हतं. आईची किडनी परत येणार नव्हती. पण माझ्या हातातली एक चूक पुसता येत होती, आणि त्याच दोऱ्यातून पुन्हा विणता येत होतं.

कुणाला सुरू करायचं असेल तर आपल्या दमट हवेत लोकरीऐवजी जाड सुती दोरा घ्यावा, घामाच्या बोटांना लोकर चिकटते. वीस टाके घालून नुसते सुलट विणत राहावं. नक्षी नंतर. फार अवघड वीण घेतली तर जीव वैतागतो, फार सोपी झाली की मन पुन्हा रिपोर्टकडे धावतं. दिवस बघून वीण निवडायला मी हळूहळू शिकले.

एका संध्याकाळी आतून सिस्टरनी आईचं नाव पुकारलं तेव्हा मी ओळीच्या मधोमध होते. सगळं खाली टाकून उठायला लागले, तर काकू म्हणाल्या, "ओळ पुरी कर गं. पट्टी बांधायला वेळ लागतो त्यांना, आई कुठे जात नाही." अकरा टाके उरले होते. मी मोजत मोजत ते विणले.