मिर्नी नावाची दोन शहरं: एक रॉकेटांचं, एक हिऱ्यांचं

रशियातल्या ‘मिर्नी’विषयी वाचायला बसलं की थोड्याच वेळात गोंधळ उडतो. मजकुरात असतं की हे बंद शहर आहे, पास असल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, जवळच्या तळावरून रॉकेटं सुटतात. आणि सोबतचा फोटो असतो एका अवाढव्य खड्ड्याचा, ज्याच्या काठावरच्या इमारती काडेपेटीएवढ्या दिसतात. रॉकेटं खरी आहेत, खड्डाही खरा आहे. फक्त ते दोन वेगळ्या शहरांचे आहेत.

एक मिर्नी युरोपीय रशियाच्या उत्तरेला, अर्खांगेल्स्क प्रांतात. दुसरं पार पूर्वेला, सैबेरियातल्या याकुतियात. मधलं अंतर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. पहिल्या मिर्नीत दुपारचे १२ वाजतात तेव्हा दुसऱ्यात संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. गंमत अशी की दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साडेबासष्ट अंश उत्तरेच्या आसपास. त्यामुळे नकाशावर नुसता अक्षांश पाहून खात्री करू गेलात तरी फसाल.

नावही दोघांना वेगवेगळ्या वाटेनं मिळालं. रशियनमध्ये ‘मीर’ म्हणजे शांतता, आणि जगसुद्धा. ‘मिर्नी’ म्हणजे शांततेचं. याकुतियात हे नाव जमिनीतून वर आलं. १३ जून १९५५ ला भूगर्भशास्त्रज्ञ युरी खाबार्दिन यांच्या तुकडीला तिथे किम्बरलाइटचा नळ सापडला. हिरे ज्या खडकातून पृथ्वीच्या खोल पोटातून वर येतात तो हा खडक, आणि तो उभ्या नळासारखा जमिनीत उतरलेला असतो, म्हणून त्याला पाइप म्हणतात. बातमी गुप्त ठेवायची होती. म्हणून त्यांनी वरिष्ठांना बिनतारी संदेश पाठवला: ‘शांततेचा पाइप पेटवला, तंबाखू उत्तम आहे.’ रशियनमध्येही ओढायचा पाइप आणि खडकाचा पाइप यांना शब्द एकच. त्या पाइपचं नाव ‘मीर’ पडलं आणि त्याच्या काठावर वसलेलं गाव मिर्नी झालं. १९५९ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला.

अर्खांगेल्स्कचं मिर्नी मात्र क्षेपणास्त्रांसाठी वसवलं गेलं. १९५७ मध्ये तिथल्या जंगलात ‘अंगारा’ या सांकेतिक नावानं तळाचं काम सुरू झालं. आर-७ ही आंतरखंडीय क्षेपणास्त्रं ठेवायची होती, आणि अमेरिकेकडे जाणारा जवळचा रस्ता उत्तर ध्रुवावरून जातो. म्हणून जागा इतक्या उत्तरेला. १ मे १९६० ला सोव्हिएत संघानं पाडलेलं अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरी विमान याच तळाचे फोटो घ्यायला येणार होतं. ते त्याआधीच उरल भागातल्या स्वेर्दलोव्स्क शहराजवळ पडलं.

पुढे याच तळावरून उपग्रह सुटू लागले. पहिला १७ मार्च १९६६ ला, कॉसमॉस-११२. सोव्हिएत संघ जागेबद्दल अवाक्षर काढत नव्हता. पण इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी शाळेतल्या रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे सिग्नल ऐकून कक्षांची नोंद ठेवत असत. त्यांच्या लक्षात आलं की या नव्या उपग्रहाची कक्षा बायकोनूरशी, म्हणजे कझाकस्तानातल्या आधीच्या सोव्हिएत प्रक्षेपण तळाशी, जुळत नाही. कक्षांच्या रेषा मागे नेत नेत त्यांनी नव्या तळाची जागा त्याच वर्षी शोधून काढली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रसंग. एक शिक्षक, काही शाळकरी मुलं, एक रेडिओ आणि चोख गणित एवढ्यावर महासत्तेचं गुपित उघडं पडलं. मॉस्कोनं हा तळ अधिकृतपणे मान्य केला तो १९८३ मध्ये.

इथे आणखी एक गल्लत होते. तळाचं नाव मिर्नी नाही, प्लेसेत्स्क आहे. प्लेसेत्स्क ही जवळची वेगळी, खुली वस्ती. तिथल्या रेल्वे स्टेशनावरून तळाला नाव मिळालं. तळाची माणसं राहतात ती मिर्नीत. शहर प्रशासकीय भाषेत ‘झाटो’, म्हणजे बंद प्रशासकीय क्षेत्र. रस्त्यावर नाका, नाक्यावर पास. बाहेरगावच्या नातेवाइकाला यायचं तर आतल्या माणसानं आधी परवानगी काढायची.

बंद शहराची किंमत या लोकांनी चुकवली आहे. १८ मार्च १९८० ला व्होस्तोक-२एम रॉकेटमध्ये इंधन भरताना स्फोट झाला आणि ४८ जण गेले. त्याआधी, २६ जून १९७३ ला दुसऱ्या एका रॉकेटच्या स्फोटात ९ जणांचा जीव गेला होता. १९८० च्या अपघाताचा ठपका सुरुवातीला मेलेल्यांच्याच तुकडीवर ठेवला गेला. बऱ्याच वर्षांनी मान्य झालं की दोष हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फिल्टरमधल्या चुकीच्या धातूचा होता. ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांना तो दोषी नव्हता हे ऐकायला इतकी वर्षं थांबावं लागलं. हे अक्षम्य आहे.

याकुतियाच्या मिर्नीला असा नाका नाही. रशियाच्या नागरिकाला विमानाचं तिकीट काढून तिथे उतरता येतं. तिथे माणसाला अडवते ती थंडी आणि अंतर. रेल्वे पोचलेली नाही; जड माल लेना नदीवरच्या लेन्स्क बंदरातून रस्त्यानं येतो. जमीन कायमची गोठलेली, म्हणून इमारती खांबांवर उभ्या. घराची ऊब खाली उतरून बर्फ वितळलं तर पायाच खचेल, म्हणून तळमजल्याखालून वारा खेळता ठेवतात. पाण्याचे नळही जमिनीवरूनच नेलेले. फोटोत दिसतो तो खड्डा म्हणजे ‘मीर’ पाइपवरची हिऱ्यांची खाण, ५२५ मीटर खोल आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद. उघडी खाण २००१ मध्ये थांबली, २००९ पासून खालून बोगदे काढून काम सुरू झालं. ४ ऑगस्ट २०१७ ला खड्ड्यात साचलेलं पाणी बोगद्यांत घुसलं. ८ कामगार आजही सापडलेले नाहीत.

आपल्याकडचा धागा याच मिर्नीशी आहे. इथे मुख्यालय असलेल्या अलरोसा कंपनीचे कच्चे हिरे पैलू पाडायला सुरतेला येतात आणि मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारात त्यांचे सौदे होतात. २०२४ पासून जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांना दारं बंद केली, त्याची झळ सुरतेच्या कारागिरांपर्यंत पोचली.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत मिर्नी दिसलं तर प्रांताचं नाव शोधा. अर्खांगेल्स्क असेल तर रॉकेट, याकुतिया असेल तर हिरा. आणि बर्फात पेंग्विन दिसले, तर ते तिसरं मिर्नी: १९५६ मध्ये उघडलेलं अंटार्क्टिकातलं सोव्हिएत संशोधन केंद्र, ज्याला जुन्या रशियन मोहिमेतल्या ‘मिर्नी’ जहाजाचं नाव दिलेलं आहे.