मेंदूतील हिस्टिओसायटिक गाठ: ब्लॉकच्या फेरतपासणीचा अर्ज, कागदपत्रे व योजनेची पात्रता

मेंदूतील गाठीच्या हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालील ऊती-तपासणी) अहवालात ‘हिस्टिओसायटिक’, म्हणजे हिस्टिओसाइट या रोगप्रतिकारक पेशींपासून झालेली गाठ, असा उल्लेख असेल किंवा निदानाविषयी शंका नोंदवली असेल, तर पुढील उपचार ठरण्यापूर्वी फेरतपासणी करून घ्यावी. एमआरआयमध्ये ही गाठ कधी मेनिन्जिओमासारखी (मेंदूच्या आवरणाच्या गाठीसारखी), तर कधी क्षयाच्या गाठीसारखी दिसते, त्यामुळे केवळ स्कॅनवरून निदान पक्के होत नाही.

फेरतपासणीसाठी सहसा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही, कारण काढलेला तुकडा पॅराफिन ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यात) जतन केलेला असतो. रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाकडे बायोप्सी क्रमांक व तारीख नमूद करून लेखी अर्ज करावा आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. ब्लॉक, स्लाइड, मूळ अहवाल, डिस्चार्ज कार्ड व एमआरआयची सीडी हे सर्व एकत्र मागावे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी मागणीनंतर ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. ब्लॉक मेणाचा असतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत परभणी किंवा लातूरहून तो नेताना बंद गाडीत उन्हात मुळीच ठेवू नये.

हे नमुने छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये नेण्याविषयी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. हिस्टिओसायटिक गाठीचे काही प्रकार पेशींवरील प्रथिनांच्या चाचण्यांवरून ओळखतात. लँगरहॅन्स प्रकारात सीडी१ए, लँगेरिन व एस१०० या तिन्ही चाचण्या सकारात्मक येतात. रोझाय-डॉर्फमन प्रकारात एस१०० सकारात्मक, पण सीडी१ए नकारात्मक असते. एर्डहाइम-चेस्टर या आणखी एका प्रकारात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल सापडतो आणि त्यावर थेट काम करणारी औषधे उपलब्ध असल्याने ही तपासणी करून घेण्याचा आग्रह जरूर धरावा. रुग्णाला अतिशय तहान लागत असेल व वारंवार लघवी होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरक ग्रंथीच्या देठावर परिणाम झाल्याचे ते लक्षण असू शकते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पिवळ्या, केशरी तसेच शुभ्र शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि निदानाचे कागद घेऊन संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटावे. आपला उपचार योजनेच्या यादीत आहे का, हे त्यांच्याकडून आधी तपासून घ्यावे आणि पूर्वमंजुरीचा निर्णय कळण्याआधी स्वतःहून पैसे भरू नयेत.