तिथीची पाऊणपट आणि ओळखता न येणारा पासवर्ड

देवबागला माझ्या आतेभावाचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. मे महिन्यात, ऐन हंगामात, त्याच्या बुकिंगच्या खात्यात कुणीतरी शिरलं आणि दोन कुटुंबांना आगाऊ रक्कम भरायला भलताच खाते क्रमांक पाठवला. पासवर्ड काय होता? गावाचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग मुलीचं जन्मसाल. "माका वाटला, ह्यो कोणाक कळतलो!" दादा फोनवर सांगत होता. खाती फोडणारे प्रोग्राम गावांच्या नावांची यादी आणि शंभर वर्षांची सालं सगळ्यात आधी लावून बघतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच्या लॅपटॉपवर मी पूर्वीच लिनक्स (विंडोजसारखी, संगणक चालवणारी प्रणाली) टाकून दिलं होतं. शेजारच्या एका कॉलेजच्या पोराने त्याला टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, नवा पासवर्ड काढून दिला: तारीख-वेळ सांगणारी 'डेट' ही आज्ञा चालवायची आणि तिचं उत्तर 'एमडी५सम'मध्ये ओतायचं. दिलेल्या मजकुराची ती माळ करते, त्याच मजकुराची नेहमी तीच. बाहेर बत्तीस अक्षरांची माळ पडते, आकडे आणि ए ते एफ. बघणाऱ्याला वाटतं, हे देवालाही ओळखता येणार नाही.

ते ओळखता येतं, आणि कसं ते किनाऱ्यावरच्या माणसाला पटकन कळेल. भरती कधी येणार हे सांगायला आपल्या मच्छीमाराला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण समुद्र कितीही खवळलेला दिसला तरी भरती सूत्रात बसते. तारखेवरून काढलेला पासवर्ड तसाच. वर्षाचे सेकंद ३,१५,३६,०००. 'डेट'ची उत्तरं सेकंदागणिक बदलतात, म्हणजे वर्षभरातले सगळे संभाव्य पासवर्ड तेवढेच. आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ काढतं. अख्खं वर्ष त्याला एक सेकंदही पुरत नाही. बॅशमधल्या (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) 'रँडम' नावाच्या चलाची गत याहून वाईट: एका वेळी ० ते ३२,७६७ यांतलाच एक आकडा.

भरतीची वेळ सूत्रात बसते, पण खडकावर फुटलेल्या लाटेचा कुठला थेंब कुठे उडेल हे कुणीच सांगू शकत नाही. पासवर्ड त्या थेंबांतून यायला हवा. लिनक्सचा गाभा हेच करतो: कळ नेमकी कधी दाबली गेली, नेटवर्कवरून तुकडा कधी आला, डिस्कने कधी उत्तर दिलं, यांच्या वेळांमधले बारीक फरक तो गोळा करतो. प्रोसेसरमध्ये खास सर्किट असेल तर त्यातला विजेचा गोंगाटही घेतो. हे सगळं घुसळून २५६ बिटांचं (बिट म्हणजे एक ० किंवा १) बीज तयार होतं आणि चाचा२० नावाची सांकेतिक पद्धत (२०१६च्या ४.८ आवृत्तीपासून) त्यातून हवे तेवढे बाईट काढून देते. आपल्याला ते 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'यूरँडम' नावाच्या फाइलमधून मिळतात.

बीजच आटलं तर काय होतं ते लिनक्सचा डेबियन हा प्रकार वापरणाऱ्यांनी भोगलंय. २००६ साली त्यातल्या ओपनएसएसएल या सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या साधनातल्या काही ओळी, तपासणीच्या साधनाने कुरकुर केली म्हणून, काढल्या गेल्या. त्याबरोबर सगळा गोंगाट गेला आणि उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक: जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. २००८च्या मे महिन्यात ते उघडकीस येईपर्यंत तयार झालेल्या किल्ल्या दिसायला अगदी धडधाकट होत्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. बाईट म्हणजे ० ते २५५ यांतला एक आकडा, २५६ शक्यता. आपल्याला हवीत ६२ अक्षरं: मोठी २६, लहान २६, अंक १०. वाटणी कशी करायची? रापण ओढून झाली आणि वाळूवर २५६ बांगडे पडलेत, वाटे ६२ करायचेत असं समजा. प्रत्येकी चार गेले की २४८ संपले. उरले आठ. हे आठ पहिल्या आठ वाट्यांत टाकले तर त्यांच्याकडे पाच-पाच, बाकीच्यांकडे चार-चार. भागाकार करून बाकी घेणारे कच्चे प्रोग्राम नेमकं हेच करतात. मग पहिली आठ अक्षरं इतरांपेक्षा सव्वापट वेळा येतात, आणि तेवढा कल फोडणाऱ्याच्या बाजूने झुकतो. न्याय्य उपाय एकच: उरलेले आठ समुद्रात परत टाकायचे आणि नवी रापण लावायची.

'टीआर' ही आज्ञा याहून कडक वागते. तिला 'डॅश डीसी' आणि हवी ती अक्षरं सांगितली की त्या ६२ अक्षरांचे बाईट ती जसेच्या तसे ठेवते आणि बाकीचे १९४ थेट टाकून देते. चारातले तीन वाया! वीस अक्षरांसाठी सरासरी ८३ बाईट लागतात. पण यूरँडमला तोटा नाही, आणि राहिलेल्यांपैकी प्रत्येकाची संधी अगदी सारखी. एका अक्षराला ५.९५ बिट, म्हणजे वीस अक्षरांना ११९ बिट. एकेका बिटागणिक फोडणाऱ्याचं काम दुप्पट होतं, हे लक्षात घेतलं की ११९ किती मोठा आकडा आहे ते कळतं.

दादाला फोनवर आज्ञा सांगितली ती अशी: टीआर, डॅश डीसी, अवतरणात कॅपिटल ए-डॅश-झेड, स्मॉल ए-डॅश-झेड, शून्य-डॅश-नऊ, मग 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि यूरँडमचा पूर्ण पत्ता, मग उभी रेघ, हेड, डॅश सी, २०. शेवटचं 'हेड' विसरलात तर फाइल संपतच नाही, पडदा अक्षरांनी वाहत राहतो, कंट्रोल-सी दाबायचं. मॅकवर सुरुवातीला 'एलसी_ऑल बरोबर सी' लावलं नाही तर टीआर अडून बसते. एवढं टंकायचा कंटाळा असेल तर ओपनएसएसएल, रँड, डॅश बेस६४, १८. अठराच का? तीन बाईटांची चार अक्षरं होतात, त्यामुळे नेमकी २४ मिळतात आणि शेवटी बरोबरची चिन्हं लटकत नाहीत. अधूनमधून अधिक किंवा तिरकी रेघ येते आणि काही संकेतस्थळं ती नाकारतात. तेव्हा पहिली आज्ञा बरी. 'पीडब्ल्यूजेन' हा पासवर्ड काढणारा तयार प्रोग्राम वापरणाऱ्यांनी 'डॅश एस' लावावंच. नुसतं चालवलं तर ते उच्चारता येतील असे पासवर्ड देतं आणि ते कमकुवत असतात. वहीत उतरवून ठेवायचा असेल तर 'डॅश बी', पण कॅपिटल बी. म्हणजे शून्य आणि ओ, एक आणि एल असली फसवी अक्षरं गळतात.

पासवर्ड निघाला की तो दुसऱ्या आज्ञेच्या ओळीत टंकू नका. शेलच्या इतिहासात तो राहतो, आणि आज्ञा चालू असेपर्यंत त्याच यंत्रावरच्या दुसऱ्याला प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. थेट पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवा.

हल्ली शुभांकाचे पासवर्ड काढून देणारे भेटतात, अंकांची बेरीज, एक आकडा उरेपर्यंत करत गेलं की, सहाच यायला हवी म्हणतात. ही निव्वळ भोंदूगिरी आहे आणि वर नुकसान करणारी आहे. बेरीज ठरवून टाकली की नऊ शक्यतांपैकी जवळपास आठ तुम्ही स्वतःच बाद करता. फोडणाऱ्याचं काम तेवढंच हलकं होतं.

मॅनेजरचा स्वतःचा पासवर्ड मात्र डोक्यात राहायला हवा. त्यासाठी आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली मांडलेली फाशांची पद्धत मला फार आवडते. फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या पाच अंकांसमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द, म्हणजे सहाचा पाचवा घात. असे सहा शब्द मिळाले की ७७ बिट होतात. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, शब्दांचा क्रमही बदलायचा नाही. दादाने आणि त्याच्या मुलीने पडवीत बसून तीस वेळा फासा टाकला.

त्याला आधी बुकिंगचं खातं बदलायचं होतं. मी म्हटलं, दादा, आधी ईमेल. पासवर्ड विसरला की बाकी सगळ्या खात्यांचे तो बदलायचे दुवे तिथेच येतात.