बार्शीच्या गावांत कर्करोग मोजताना

आशाताई आज घरोघरी जो फॉर्म भरून घेतात, त्यात तिशी ओलांडलेल्या बाईला विचारायचे काही प्रश्न असतात. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का? पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा गेलं का? अंगावरून जातं त्याला वास येतो का? या प्रश्नांचा माग काढत मागे गेलं, की एक वाट सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला पोचते.

1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं तिच्यात होती. शहरात अशी नोंद रुग्णालयांच्या कागदांवरून होते. इथे बायका रुग्णालयापर्यंत यायच्याच नाहीत. दुखणं अंगावर काढायचं, आणि पिशवीचं दुखणं तर घरातही बोलायचं नाही. मग नोंदवणार काय? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. माणसं जमवून लक्षणं समजावून सांगायची, आणि कुणाबद्दल शंका आली तर तिला बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी आणायचं.

काम मोजणीचं होतं. पण चारपाच वर्षांत त्या आकड्यांनीच वेगळं काही दाखवलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. संशोधक कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे प्रसिद्ध केलं. गावात कुणी येऊन मोकळेपणी बोललं, त्याने हा फरक पडला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून तयार केलं. गर्भाशयाच्या मुखाला पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. तिथे माहिती दोन्ही गटांना दिली होती, तपासणी मात्र एकाच गटाची. तपासलेल्या गटात मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

दुसऱ्या गटाला इतकी वर्षं तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली. ती मला रास्त वाटते. आणि याच अभ्यासाने हेही दाखवलं, की नुसतं सांगून भागत नाही. बार्शीत सांगणं फळलं, कारण सांगणाऱ्याच्या पाठीशी तपासणारा दवाखाना होता. लक्षण ओळखायला शिकलेली बाई आरोग्य केंद्रात आली आणि तिथे तपासणाराच नसला, तर ती पुन्हा दुखणं अंगावरच काढणार.

मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये आला. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी करायला सांगितलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के.